लिहिता न येणाऱ्या कवयित्रीचं घर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. आज आपण खानदेशात जाणार आहोत. जळगावातला एक जुना वाडा बघायचा आणि तिथून पाच-सहा किलोमीटरवरच्या असोदा गावापर्यंतची वाट चालायची. वाडा बघायला फार वेळ लागत नाही. वाटेला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि तो द्याच.

आधी मला सांगा, एखाद्या लेखकाचं घर बघायला गेलो की आपण काय शोधतो? टेबल. खुर्ची. चष्मा. काचेखाली ठेवलेला हस्तलिखिताचा कागद, त्यावरची खाडाखोड. कोकणात मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर जपलंय, तिथे १९९४ साली स्मारक झालं. इंग्लंडात शेक्सपियरचं जन्मघर १८४७ साली लिलावात निघालं, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून ते विकत घेतलं. अशा घरात गेल्यावर आपल्याला वाटतं, इथे बसून ‘ते’ लिहिलं गेलं असेल.

जळगावच्या चौधरी वाड्यात तुम्ही हे शोधायला गेलात तर फजिती होईल. तिथे लिहिण्याचं टेबल नाही, कारण जिच्यासाठी आपण तिथे जातो तिला लिहिता-वाचताच येत नव्हतं. बहिणाबाई चौधरी. शाळेत त्यांची कविता पाठ केली नाही असं मराठी पोर सापडणं अवघड.

वाडा

बहिणाबाईंचा जन्म असोद्याचा, १८८० सालच्या नागपंचमीचा. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. शेतकऱ्याचं घर, भावंडं पुष्कळ. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि त्या जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरींच्या घरी आल्या. म्हणजे साल धरा १८९३ च्या आसपास. तेव्हापासून ३ डिसेंबर १९५१ पर्यंत, मरेपर्यंत, जळगावचं सासर हेच त्यांचं घर. जुन्या जळगावातला हा चौधरी वाडा आता त्यांचं स्मृती संग्रहालय आहे.

आत काय आहे? घरात वापरलेली भांडीकुंडी, शेतीची अवजारं, रोजच्या कामाच्या वस्तू. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, ‘एवढंच? असलं तर आमच्या आजोळच्या माळ्यावर पण पडलंय.’ बरोबर आहे, पडलेलंच असेल. या संग्रहालयाचं वेगळेपण तिथेच सुरू होतं. इथल्या वस्तू कवितेच्या आसपास ठेवलेल्या नाहीत, कविता त्यांच्यातूनच निघाली.

जात्याचं उदाहरण घ्या. बहिणाबाईंच्या बोलीत जात्याला घरोट म्हणतात, आणि घरोटावर त्यांचं गाणंच आहे. पहाटे उठायचं, दाणे घालायचे, खुंटा धरायचा आणि फिरवायचं. घरात दहा माणसं असतील तर हे काम तासाभरात संपत नाही. हाताला लय लागते, लयीला शब्द लागतात. महाराष्ट्रातली ओवी अशीच जात्यावर वाढली. बहिणाबाईंच्या बऱ्याच ओळी मोजून बघा, आठ-आठ अक्षरांच्या निघतील. त्यांना छंदशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. मोजमाप हातात होतं.

चुलीचंही तसंच. ओली लाकडं, धूर, डोळ्यांतून पाणी, आणि पेटता पेटत नाही अशी चूल. त्यावरही गाणं आहे. आपल्यासाठी चूल म्हणजे हुरडा पार्टीची हौस. त्यांच्यासाठी ती दिवसातून दोनदा घातलेली झटापट होती. वाड्यात वस्तूंपुढे उभं राहाल तेव्हा एक काम करा. वस्तूकडे बघण्याआधी ती कोणत्या हाताने, किती वेळ आणि कशासाठी चालवली असेल, हे मनाशी मोजा. मग ती वस्तू बोलायला लागते.

आणि हे घर सुखाचं चित्रही नव्हतं. वयाच्या तिशीत बहिणाबाई विधवा झाल्या. काशी, ओंकार आणि सोपानदेव अशी तीन मुलं पदरात. प्लेगच्या साथीने ओंकारला कायमचं अपंगत्व दिलं. त्या काळात खानदेशाने प्लेगही पाहिला आणि दुष्काळही. ‘संसार’ या शब्दावरचं त्यांचं गाणं आज लग्नाच्या पत्रिकेत छापतात, ते लिहिणारं आयुष्य असं होतं. पण थांबा, ‘लिहिणारं’ म्हणणंही चूकच. ते गाणारं आयुष्य होतं.

त्याच गावात, त्याच वर्षी

आता या गोष्टीतला इतिहासाचा भाग ऐका. मला स्वतःला तो सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो.

बहिणाबाई सून म्हणून जळगावात आल्या तेव्हा हे गाव कवितेच्या बाबतीत मागास होतं असं समजू नका. उलट! ‘काव्यरत्नावली’ हे फक्त कवितेला वाहिलेलं मासिक १८८७ सालापासून जळगावहूनच निघत होतं. नारायण नरसिंह फडणीस, म्हणजे नाना फडणीस, त्याचे संपादक. पुण्या-मुंबईत नाही, जळगावात! १९३५ पर्यंत, म्हणजे तब्बल ४८ वर्षं, ते चाललं. केशवसुतांसारख्यांच्या कविता त्यात आल्या. आणि केशवसुत तरी कुठे लांब होते? शतक बदलत होतं त्या सुमारास काही वर्षं ते फैजपूरला शिक्षक होते. फैजपूर म्हणजे जळगाव जिल्ह्यातलंच, यावल तालुक्यातलं.

पुढे १९०७ साली याच जळगावात फडणिसांच्या पुढाकाराने कविसंमेलन भरलं. महाराष्ट्रातलं पहिलं कविसंमेलन म्हणून त्याची नोंद होते. अध्यक्ष होते डॉ. कीर्तिकर. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सतरा वर्षांचा पोरगा तिथे उभा राहिला, त्याने कविता म्हटल्या आणि लोक थक्क झाले. ‘बालकवी’ हे नाव त्याला तिथे मिळालं. मराठी साहित्याच्या प्रत्येक इतिहासात हा प्रसंग सापडतो.

त्या १९०७ साली बहिणाबाई कुठे होत्या? त्याच गावात. वय सत्तावीस. त्याच वर्षी त्यांच्या पोटी सोपानदेव जन्मले. घरात तान्हं मूल, सकाळी दळण, दिवसभर शेत. गावात कवी जमले होते आणि गावातच एक कवयित्री घरोट फिरवत होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

इथे फडणिसांना किंवा त्या कवींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाहीये. त्यांनी बहिणाबाईंना दारातून परत पाठवलं असं काही घडलं नाही. त्या दारापर्यंत जायचा प्रश्नच कधी आला नाही. कविता म्हणजे कागदावर असते, सही करून पाठवतात, संपादक ती छापतो अशी एक समजूत होती. शेतात बाई जे गुणगुणते त्याला ‘गाणं’ म्हणतात, आणि गाणं काम संपलं की संपतं. स्वतः बहिणाबाईही आपण कवयित्री आहोत असं म्हणत नव्हत्या.

गंमत म्हणजे छापखाना त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. त्यावर त्यांचं गाणं आहे. कोरा कागद छापून निघाला की शहाणा होतो, मग एवढा जगून माणूस येडाच कसा राहतो, असा त्यातला सवाल. शाईचं अक्षर वाचता न येणारी बाई यंत्राकडे बघते आणि थेट माणसाला चिमटा काढते. पण तिचं हे गाणं मात्र छापखान्याच्या आत जायला अजून कित्येक वर्षं बाकी होती.

वही

मग ही गाणी आपल्यापर्यंत आली कशी? एका वहीमुळे.

सोपानदेव शाळेत जाऊ लागले. त्यांनी सांगितलेली आठवण अशी: शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट त्यांनी आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आईने त्या गोष्टीचं गाणं केलेलं होतं. पोराने ते वहीत उतरवलं. पुढे सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी झाले. त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी, आई काम करताना जे म्हणायची त्यातलं जमेल तेवढं लिहून ठेवलं.

‘जमेल तेवढं’ हे शब्द नीट ऐका. आई शेतात असताना मुलगा शाळेत असेल. पहाटे दळताना तो झोपेत असेल. १८९३ ते सोपानदेवांच्या हातात पेन्सिल येईपर्यंत वीसेक वर्षं गेली, त्यातलं कोण लिहून ठेवणार?

१९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, जरा संकोचतच. अत्रे ऐकूनच उडाले. हे बावनकशी सोनं आहे, हे लोकांपासून लपवणं गुन्हा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९५२ साली त्यांच्याच प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह आला. पहिल्या आवृत्तीत कविता होत्या फक्त ३५. एकाहत्तर वर्षांचं आयुष्य, त्यातली पाच-सहा दशकं गाण्यात गेलेली, आणि हाती लागल्या पस्तीस. पुढच्या आवृत्तीत काही भर पडली. तरी जे गेलं त्याच्यापुढे ती किती?

वाड्यातल्या वस्तू बघताना हा हिशेब मनात असू द्या. पुढे २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या नावाने आज पोरं डिग्री घेतात. आनंदच आहे. पण त्या नावामागे एका शाळकरी मुलाची वही आहे, हे त्या डिग्रीवर कुठेच छापलेलं नसतं.

वाट

वाड्यातून बाहेर पडलात की परत फिरू नका. अर्धंच घर बघून झालंय.

परदेशात मोठ्या लोकांची घरं बघायला गेलं की घराभोवती बाग असते, हिरवळ असते, तळं असतं. तिकिटात तेही धरलेलं असतं. बहिणाबाईंच्या घराला असली बाग नाही. जळगाव शहरात त्यांच्या नावाचं उद्यान आहे, पण त्यांची खरी बाग म्हणजे वावर. शेतशिवार. आणि जळगावाहून असोद्याला जाणारी माहेरची वाट.

आज ही वाट म्हणजे डांबरी रस्ता. रिक्षाने गेलात तर गाणं संपायच्या आत असोदा येतं. तेव्हा बाई अनवाणी चालायची. आणि माहेरी जायचा मोठा सण कोणता? आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. ऐन वैशाख. खानदेशच्या उन्हाबद्दल बाहेरच्यांना काय सांगायचं? पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो आणि काळी जमीन तव्यासारखी तापते. लेकी माहेरी आल्या की झाडाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची. त्या झोक्यासाठी हे चटके सोसायचे. माहेरच्या वाटेवरच्या त्यांच्या गाण्यात पाय पोळतात, ठेच लागते, आणि मग वाटेवरचा दगडच बाईशी बोलायला लागतो, मी पण तुझ्या माहेरच्याच वाटेवरचा म्हणतो. सासरी दिवसभर कुणी विचारत नाही आणि इथे दगड विचारपूस करतो! मैलाचा दगड आपण सगळ्यांनी पाहिलाय. असा दगड तिनेच पाहिला.

रस्त्याकडेच्या शिवारात केळी दिसेल, कपाशी दिसेल. असोद्याच्या भरताच्या वांग्यांचं नाव तर खानदेशभर आहे. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली जीआय मानांकनही मिळालं. विहिरीही दिसतील, फक्त आता त्यांच्यावर मोटर आहे. तिथे पूर्वी मोट चालायची. मोट म्हणजे चामड्याची भली मोठी पिशवी. बैल उताराच्या धावेवरून खाली गेले की नाडा ओढला जायचा आणि पाणी वर यायचं. बैल मागे आले की मोट पुन्हा विहिरीत. मोट हाकणाऱ्या माणसावरही त्यांचं गाणं आहे. पेरणीवर आहे, उपणणीवर आहे. उपणणी म्हणजे खळ्यावर उंच उभं राहून टोपलीतलं धान्य वाऱ्यावर सोडायचं, दाणा खाली पडतो, भूस उडून जातं. वारा पडला की काम थांबलं. म्हणून ती वाऱ्याला हाका मारते. आपल्याला ती हाक कविता वाटते. तिच्यासाठी तो कामाचा भाग होता, कारण सुपात दाणे आणि आभाळात वारा नाही, अशा वेळी दुसरं करणार काय?

पावसाळ्यात गेलात तर बाभळीच्या किंवा विहिरीकाठच्या झाडाच्या फांद्यांकडे बघा. सुगरणीचे खोपे लटकलेले दिसतील. पक्षीतज्ज्ञ सांगतात की खोपा नर विणतो आणि मादी तो पारखून घेते. बहिणाबाईंच्या गाण्यात मात्र ती बाईची कारागिरी आहे, लेकरांसाठी केलेली. शास्त्राच्या पेपरात हे उत्तर चुकीचं ठरेल. पण तिने त्या खोप्यात कुणाचे कष्ट पाहिले, हे वाडा बघून आलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक जागा. असोद्याच्या जवळच भादली स्टेशन आहे. ज्या बालकवींना जळगावच्या संमेलनात नाव मिळालं, ते ५ मे १९१८ ला याच भादलीजवळ रेल्वेखाली गेले. वय अवघं सत्तावीस. दोघेही निसर्गाचे कवी, दोघांच्या वाटा इतक्या जवळून गेल्या. एकाची नोंद त्या दिवशीच झाली, दुसरीची व्हायला चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली.

असोद्यात पोचल्यावर फार मोठं काही पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथल्या स्मारकाचं काम रखडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. आणि जळगाव शहर वाढतंय, शहराच्या कडेने वावरांचे प्लॉट होतायत. वाडा वाचला, कारण त्याला भिंती होत्या. शिवाराला भिंत नसते. या गाण्यांतलं अर्धं जग उघड्यावर आहे, ते कोणत्या संग्रहालयात ठेवणार?

बोली

शेवटी एक गोष्ट, खास करून पुण्या-मुंबईत हॉस्टेलवर राहणाऱ्या खानदेशी पोरापोरींसाठी.

बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. तिच्यात ‘ळ’चा ‘य’ होतो. जळगावचं जयगाव, डोळ्याचा डोया, शाळेची शाया. तुम्ही घरी असंच बोलता. रूमवर पहिल्या आठवड्यात कुणीतरी हसतं आणि मग तुम्ही घरी फोन करायला गॅलरीत जाता, आवाज बारीक करून. खरं ना? आता बघा, मराठीची प्राध्यापक मंडळी ज्या ओळींवर तासन्‌तास बोलतात, त्या ह्याच बोलीत आहेत. सोपानदेवांनी वहीत उतरवताना आईची भाषा ‘शुद्ध’ करून टाकली असती, तर आज आपल्याकडे अष्टाक्षरी उरली असती आणि बहिणाबाई हरवल्या असत्या. त्यांनी आईचा उच्चार तसाच ठेवला. मुलाने आईसाठी केलेलं हे फार मोठं काम आहे.

आणि बहिणाबाई एकट्या नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त! त्यातल्या कितीतरी आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या-त्या बाईच्या नावासकट, गावासकट ऐकता येतात. हा भाग संपला की पुढची रील लावण्याआधी एक ओवी लावून बघा.

सोपानदेवांकडे पेन्सिल आणि वही होती. तुमच्या खिशात रेकॉर्डर आहे, आणि आजी बहुतेक अजून गावाला आहे. ती म्हणेल, ‘मले काय येते? जाय, अभ्यास कर.’ तेव्हा ‘आजी, कविता म्हण’ असं म्हणू नका. विचारा, निंदताना काय म्हणायच्या? दळताना काय? आखजीच्या झोक्यावर काय? कामाचं नाव काढलं की गाणं आपोआप येतं, कारण ते तिथेच ठेवलेलं असतं. रेकॉर्डिंगला नाव देताना ‘ऑडिओ ००१’ असं सोडू नका. तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, कोणतं काम आणि तारीख, एवढं लिहा. बोली सुधारू नका.

चौधरी वाड्यात जायचं असेल तर निघण्याआधी वेळेची चौकशी करून घ्या, जमलं तर सकाळीच जा. उन्हाळ्यात पाण्याची बाटली विसरू नका, आणि थोडी का होईना, असोद्याची वाट पायी चाला. तुमच्या आजीचं एखादं गाणं हाती लागलं, तर आम्हाला नक्की पाठवा. तिची परवानगी घेऊन पुढच्या एखाद्या भागात ऐकवू.

भेटूया. तोवर, राम राम मंडळी.